नॉब सोडला की पायलट विझते: जुन्या एलपीजी ओव्हनची तपासणी

प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात कोपरीला बेकरी आहे. दोन डेकचा जुना ओव्हन, १९ किलोच्या सिलिंडरवर चालतो. खालच्या डेकची पायलट, म्हणजे मेन बर्नर पेटवणारी कायम जळती छोटी ज्योत, नॉब सोडला की विझते. कधी सकाळी धरते, पण दोन घाणे निघाले की आपोआप जाते आणि तिच्याबरोबर मेन बर्नरही बंद पडतो. मिस्त्रीने चार महिन्यांत दोनदा थर्मोकपल बदललं. आता तो म्हणतो, व्हॉल्व्हच नवा टाका. टाकावा का?

अजून नको. चार महिन्यांत दोन थर्मोकपल गेली असतील तर दोष बहुधा त्यांचा नाही, त्यांच्यावर पडणाऱ्या ज्योतीचा आहे. शिवाय “सकाळी धरते, तापल्यावर सोडते” ही खूण फार बोलकी आहे. तिच्याकडे येऊच, पण आधी हा सगळा प्रकार चालतो कसा ते समजून घ्या. ते कळलं की निम्मी तपासणी डोळ्यांनीच होते.

पायलटच्या ज्योतीत जी धातूची कांडी उभी असते ते थर्मोकपल. दोन वेगळ्या मिश्रधातूंचा सांधा तिच्या टोकात असतो. टोक तापलं आणि खालची कॉलर, म्हणजे कांडीच्या बुडाचा भाग, त्यामानाने गार राहिली की त्या फरकातून किंचित वीज तयार होते, २० ते ३० मिलिव्होल्ट. टॉर्चच्या एका सेलच्या पन्नासाव्या हिश्शाइतकी. एवढ्याशा विजेवर व्हॉल्व्हमधलं छोटं लोहचुंबक गॅसची वाट उघडी धरून ठेवतं. फक्त धरून ठेवतं, ओढू शकत नाही. म्हणून नॉब दाबण्याचं काम आपल्याला करावं लागतं. आपण दाबून झडप चुंबकाला टेकवतो आणि टोक तापलं की चुंबक ती पकडतं. पायलट विझली, टोक गार झालं, की झडप ‘टक्’ करून बंद होते आणि गॅस थांबतो.

यातून एक गोष्ट निघते. व्होल्टेज इतकं कमी असताना वाटेत जरासा अडथळा आला तरी चुंबक सुटतं. नटाखालचा काजळीचा थर, अर्धवट बसलेला सांधा, गंजलेलं टोक, काहीही पुरतं. घरातल्या स्विचमध्ये असा मळ लक्षातही येणार नाही, इथे मात्र तोच सगळा खेळ बिघडवतो.

हात लावण्याआधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, नॉब ‘ऑफ’वर आणा, ओव्हनचं दार आणि खालचं पॅनेल उघडा आणि निदान १० मिनिटं थांबा. एलपीजी हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. तो वर जात नाही, ओव्हनच्या पोटात, फरशीवर, मोरीच्या तोंडाशी साचतो. हवेत त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेलं तरी पेट घेतो. म्हणून वास उभ्याने घेऊ नका, गुडघ्यावर बसून फरशीजवळ घ्या. वास असेल तर एक्झॉस्ट फॅनसुद्धा लावायचा नाही, कारण बटणाची ठिणगी पुरते. शटर वर करा, माणसं बाहेर काढा आणि गॅसगळतीच्या १९०६ या नंबरवर फोन करा. रेग्युलेटर आणि सिलिंडरकडची बाजू एजन्सीच्या मेकॅनिकचीच. खाली लिहिलेलं सगळं ओव्हनच्या कॉकनंतरचं आहे.

वास नसेल तर सिलिंडर उघडा, पायलट पेटवा आणि नॉब दाबून धरूनच ज्योत नीट बघा. दुकानातला दिवा मालवला तर आणखी चांगलं. ज्योत निळी, टोकदार आणि स्थिर हवी आणि थर्मोकपलच्या वरच्या १० ते १२ मिलिमीटरना तिने वेढलेलं हवं. टोक मंद लाल दिसायला हवं. लालभडक किंवा नारिंगी झालं तर ज्योत जास्त मोठी आहे आणि ते थर्मोकपल काही महिन्यांत जळणार. तुमची दोन गेली ती अशीच गेली असावीत, म्हणून काढलेली जुनी कांडी असेल तर बघा. टोकाला खड्डे पडलेत, पापुद्रे निघालेत, तर अतितापाने मेली. टोक स्वच्छ, गुळगुळीत आहे आणि तरी बदललंय, तर चांगली कांडी फेकून दिली.

ज्योत टोकाऐवजी मधोमध किंवा खाली कॉलरवर आदळत असेल तर ती कितीही मोठी दिसली तरी उपयोग नाही. कॉलरही तापते, वरचं आणि खालचं तापमान जवळ येतं आणि वीज घटते. तुमच्या “दोन घाण्यांनंतर” या तक्रारीचं मूळ मला इथे दिसतं. सकाळी ओव्हन गार असतो, कॉलर गार राहते, पायलट धरते. तासाभराने जळणाची पेटी तापते. जुन्या ओव्हनमध्ये पायलटच्या बाजूचं ग्लासवूल (उष्णता अडवणारा काचेच्या तंतूंचा थर) खाली बसलेलं किंवा उंदरांनी ओढून नेलेलं असतं. पत्रा तापतो, कॉलर तापते, आणि व्हॉल्व्हही तापतो. व्हॉल्व्हच्या आतल्या कॉइलचा रोध तापल्यावर वाढतो. शिवाय असे बरेच व्हॉल्व्ह साधारण ८० अंशांपर्यंतच्या हवेसाठीच बनवलेले असतात. म्हणजे एका बाजूने वीज घटते आणि दुसऱ्या बाजूने कॉइलची मागणी वाढते. असा ओव्हन थंड असताना तपासला तर सगळं ठाकठीक दिसतं. मिस्त्री सकाळी नऊला आला असेल तर त्याला दोष दिसलाच नसणार. त्याला दुपारी, तिसऱ्या घाण्याला बोलवा.

ग्लासवूलची जागा रिकामी दिसली तर तिथे रॉकवूल किंवा सिरॅमिक ब्लँकेट भरा आणि पत्र्याने झाका. हातमोजे आणि मास्क घालूनच, कारण तंतू खूप टोचतात. थर्मोकपलचा ब्रॅकेट वाकला असेल तर सरळ करा. खाली सरकलेली कांडी ब्रॅकेटमध्ये पूर्ण वर दाबून बसवा. अर्ध्या वेळा एवढ्यानेच काम होतं.

ज्योत लहान, आळशी आणि थरथरती असेल तर जेट, म्हणजे गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड, तुंबलंय. बेकरीत हे होणारच. मैद्याचा बारीक कण हवेतून पायलटच्या बाजूच्या हवेच्या भोकात शिरतो, तूप-डालड्याच्या वाफेत चिकटतो आणि तापून कोळसा होतो. पावसाळ्यात दुकान चार दिवस बंद राहिलं तर कोळ्याचं जाळंही होतं. ऐरोली-वाशीकडे खाडीच्या वाऱ्याने गंज लवकर धरतो, तो पायलट ट्यूबच्या टोकातून आत सांडतो. ज्योत पिवळी आणि लांब असेल तर हवेचं भोक बुजलंय, किंवा जेट चुकीचं आहे. निळ्या ज्योतीत मधूनच नारिंगी ठिणग्या तडतडल्या तर घाबरू नका. हवेत उडालेलं पीठ आणि मिठाचा कण जळतो, तेव्हा तसं दिसतं. पिवळी जीभ वेगळी, नारिंगी ठिपका वेगळा. जीभ दिसली तर काजळी धरते आणि काजळीचा थर थर्मोकपलवर बसला की टोक हवं तसं तापत नाही.

जेट काढण्यासाठी गॅस पुन्हा बंद करून पायलट ट्यूबचा नट सोडा. ट्यूब बहुधा ४ किंवा ६ मिमीची, आत फेरूल (नटाखाली दाबून बसणारं छोटं कडं) असतो. नट सोडताना दुसऱ्या पान्याने पायलट बर्नर धरून ठेवा, नाहीतर पूर्ण ब्रॅकेट पिळवटतो. जेट म्हणजे पितळी टोपीसारखा तुकडा. त्यावर बहुतेक वेळा आकडा कोरलेला असतो, मिलिमीटरचा शंभरावा भाग. भिंग घेऊन वाचा आणि वहीत लिहून ठेवा. एलपीजीच्या पायलटचं भोक साधारण ०.२ ते ०.२५ मिमी असतं, नैसर्गिक गॅसचं त्याहून बरंच मोठं.

इथे सुई घालायची नाही. भोक इतकं बारीक असतं की सुई गेली म्हणजे ते रुंद झालं, आणि रुंद झालेलं जेट परत बारीक होत नाही. ज्योत मोठी होते, टोक लालभडक होतं, थर्मोकपल तीन महिन्यांत जळतं आणि मग आपण थर्मोकपलच्या कंपनीला शिव्या घालतो. जेट थिनरमध्ये किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये १५-२० मिनिटं भिजवा, उलट बाजूने हवा मारा आणि दिव्यासमोर धरून आरपार बघा. काठ स्वच्छ, गोल दिसायला हवा. फारच हट्टी कचरा असेल तर एक चौरस मिलिमीटरच्या लवचिक वायरमधली एक तार काढून हलकेच फिरवा. त्या वायरीत ०.२ मिमीच्या ३२ तारा असतात आणि तांबं पितळेपेक्षा मऊ, त्यामुळे भोक खरवडत नाही. तरीही जमत असेल तर हवेनेच भागवा. पायलट बर्नरची हवेची भोकं जुन्या टूथब्रशने साफ करा. थिनर पूर्ण सुकू द्या, ओलं जेट लावून काडी ओढू नका.

ठाणे-नवी मुंबईत आणखी एक घोळ नेहमी निघतो. ओव्हन आधी पाइपच्या गॅसवर असतो, मग जागा बदलते, तो सिलिंडरवर येतो, किंवा उलट. मेन बर्नरचे जेट बदलले जातात, पायलटचं मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. एलपीजीची उष्णता घनफळामागे नैसर्गिक गॅसच्या साधारण अडीच पट. म्हणून पाइपगॅसचं जेट एलपीजीवर राहिलं तर पायलट लांबलचक, पिवळी, काजळी ओकणारी होते. एलपीजीचं जेट पाइपगॅसवर राहिलं तर इवलीशी होते आणि बर्नरवरून उचलली जाते. सेकंडहँड ओव्हन असेल तर जेटवरचा आकडा पहिल्यांदा बघा.

आता दाब. आपल्याकडच्या एलपीजी उपकरणांचा ठरलेला दाब ३० ग्रॅम प्रति चौरस सेंमी, म्हणजे पाण्याच्या नळीत दोन बाजूंच्या पातळीत ३० सेंमीचा फरक. पारदर्शक नळी यू आकारात वाकवून पट्टीवर बांधली आणि तिच्यात पाणी भरलं की मोजायला पुरतं. गॅस व्हॉल्व्हवर टेस्ट पॉइंटचा लहान स्क्रू असतो, तो गॅस बंद असताना सैल करून नळी चढवायची, मग गॅस सोडायचा. फक्त पायलट चालू असताना आकडा बघा, मग मेन बर्नर पूर्ण उघडा आणि पुन्हा बघा. फरक २५ सेंमीच्या खाली घसरत असेल तर दोष पायलटमध्ये नाही, पुरवठ्यात आहे. रेग्युलेटर अपुरा, पाइप बारीक, किंवा एकाच सिलिंडरवर ओव्हनशिवाय भट्टीही चालते आहे. सिलिंडरला बाहेरून दव किंवा बर्फ आला तर समजा, द्रव गॅस जितक्या वेगाने वाफ व्हायला हवा तितका होत नाही. एलपीजी हे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. प्रोपेन आधी निघून जातो, तळाला ब्युटेन राहतो आणि त्याचा दाब कमी. म्हणून संपत आलेल्या सिलिंडरवर दुपारी पायलट फिकट दिसते. अशा वेळी दोन सिलिंडर एकत्र मॅनिफोल्डवर (दोन्हींना जोडणाऱ्या सामाईक नळीवर) घ्या, एकामागून एक नाही. सिलिंडरवर गरम पाणी किंवा ओला फडका हा इलाज नव्हे. तपासणी झाली की टेस्ट पॉइंटचा स्क्रू घट्ट करून साबणाचा फेस लावायला विसरू नका. हा स्क्रू सैल राहिला तर जेवढं केलं त्यापेक्षा जास्त बिघडतं.

ज्योत सुधारली, दाब बरोबर, तरी नॉब धरत नाही, तेव्हा थर्मोकपलला मल्टीमीटर लावा. व्हॉल्व्हवरचा नट सोडा, कांडी जागेवरच ठेवा. एक माणूस नॉब दाबून पायलट चालू ठेवील. एक मिनिट तापू द्या, मग मीटरची एक पिन तांब्याच्या नळीवर, दुसरी नटाकडच्या टोकाच्या मधल्या ठिपक्यावर. मीटर मिलिव्होल्टवर ठेवा. २० ते ३० दिसलं तर कांडी ठणठणीत. १५ च्या खाली असेल आणि ज्योत बरोबर असेल तर बदला. आकडा चांगला आहे आणि व्हॉल्व्हवर परत लावल्यावर मात्र धरत नाही, तर नटाकडचं टोक आणि त्याची व्हॉल्व्हमधली जागा पुसा. कोरडं कापड, जास्तीत जास्त बारीक पॉलिश पेपरचा एक हलका फटका, बस्स. तेल, ग्रीस, टेफलॉन टेप यांपैकी काहीही इथे लावायचं नाही. हा जोड गॅसचा नाही, विजेचा आहे. नट हाताने बसवा, मग पान्याने फक्त पाव फेरा. जोर लावला की टोकातलं इन्सुलेशन चिरडतं आणि आतल्या आत शॉर्ट होतो.

काही ओव्हनमध्ये थर्मोकपल आणि व्हॉल्व्हच्या मध्ये तापमानाची सुरक्षा-साखळी असते. ओव्हन मर्यादेपलीकडे तापला की ती सर्किट तोडते. तिचे दोन छोटे टर्मिनल सैल किंवा काळे झाले तरी नेमकं तुमच्यासारखंच दिसतं, तापल्यावर सोडतं. टर्मिनल काढून साफ करा, नीट लावा. दोन्ही तारा आपसात जोडून तिला कायमची बाद करू नका.

नवीन थर्मोकपल घेताना एक फसगत होते, ती सांगतो. वागळे इस्टेटमधल्या दुकानात नुसतं “थर्मोकपल द्या” म्हटलं तर तो बहुधा टेंपरेचर कंट्रोलरचा के टाइप सेन्सर काढतो. तोही मिलिव्होल्ट देतो, ६०० अंशांना जवळपास २५. मीटरवर झकास दिसतो. पण त्याच्या तारा बारीक आणि रोध जास्त, चुंबक धरून ठेवण्याइतका प्रवाह त्यातून जातच नाही. व्हॉल्व्हसाठी लागतं ते जाड तांब्याच्या नळीचं, टोकाशी नट असलेलं. जुनी कांडी नमुना म्हणून सोबत न्या. लांबी मोजा, नटाची चूडी मोजा. एम९ (९ मिमी) आणि एम८ (८ मिमी) हातात घेतल्यावर सारखेच वाटतात. लांबी जास्त असेल तर दोन इंचांपेक्षा मोठे वेटोळे करून सोडा, घडी घालू नका.

व्हॉल्व्ह कधी बदलावा? थर्मोकपल २० मिलिव्होल्टच्या वर देतं, जोड स्वच्छ आहे, सुरक्षा-साखळी ठीक आहे, व्हॉल्व्ह जास्त तापत नाही, आणि तरीही नॉब सोडताच चुंबक सुटतं, तेव्हाच. आणि एका वेळी आणखी: ज्योत मुद्दाम विझवली आणि मिनिटाच्या आत ‘टक्’ ऐकू आलं नाही, तर कांडी कितीही नवी असली तरी तो व्हॉल्व्ह त्याच दिवशी काढायचा. व्हॉल्व्ह उघडून दुरुस्त करायची वस्तू नाही. नॉब तारेने बांधून ठेवणं, मध्ये लाकडाची फळी अडकवणं असे प्रकार दिसतात. त्यात विझलेल्या पायलटवरून गॅस रात्रभर येत राहतो, आणि सकाळी पहिली काडी ओढणारा पोऱ्या त्याची किंमत मोजतो.

पेटवतानाही पद्धत आहे. नॉब पायलटवर आणा, दाबा, लायटर द्या. ज्योत आल्यावर ३० सेकंद धरून ठेवा आणि मग सोडा. सिलिंडर बदलला असेल तर ट्यूबमधली हवा त्या बारीक भोकातून निघायला एक-दोन मिनिटं लागतात, तो बिघाड नव्हे. विझली तर ५ मिनिटं थांबून पुन्हा. मेन बर्नर उघडला की तो चार-पाच सेकंदांत शांतपणे पेटायला हवा. ‘भप्प’ आवाज येत असेल तर पायलटजवळची मेन बर्नरची भोकं मैद्याने बुजलीत. गॅस आधी साचतो, मग एकदम पेट घेतो. ती भोकं तारेच्या ब्रशने मोकळी करा.

सगळं जोडल्यावर पायलट ट्यूबचे दोन्ही नट, टेस्ट पॉइंट आणि व्हॉल्व्हच्या आधीचे सांधे यांना पायलट चालू असताना साबणाचा फेस लावा. फुगे आले तर गॅस बंद, नट पुन्हा. फेरूलच्या जोडाला टेफलॉन लागत नाही. जोड बसत नसेल तर नवा फेरूल घाला. रबरी नळी ऐवजी तारजाळीची सुरक्षा होज असावी आणि तीही ५ वर्षांनी बदलावी. तारीख नळीवरच छापलेली असते, त्यावर डालड्याचा थर बसला असला तरी पुसली की दिसते.

तुमच्यासाठी क्रम असा: आधी पायलटची ज्योत आणि जेट, मग इन्सुलेशन, मग यू नळीने दाब, त्यानंतर मीटर. तिसऱ्या घाण्याला, ओव्हन तापलेला असताना मीटरचा आकडा पुन्हा घ्या. सकाळच्या २८ चे दुपारी १२ झाले तर गरमी आहे, जागा आणि ग्लासवूल बघा. दोन्ही वेळा २० च्या वर आणि तरीही सुटली, तर तुमचा मिस्त्री बरोबर ठरतो. नाणं टाकून निर्णय घ्यायची वेळ आणू नका, दोन आकडे लिहून घ्या आणि व्हॉल्व्हच्या झाकणावर आतून जेटचा आकडाही मार्करने लिहून ठेवा. पुढचा मिस्त्री पुन्हा सुई घेऊन येणारच आहे.